माथ्यावरच्या रानाची गाडी

कर्जत लोकलमधून नेरळला उतरलं की मोठ्या फलाटाला लागूनच एक बुटका फलाट दिसतो. तिथले रूळ पाहून पहिल्यांदा येणारा माणूस थबकतो. पलीकडे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रुळांमध्ये १,६७६ मिलिमीटरचं अंतर, आणि इथे ६१०. म्हणजे पुरते दोन फूट. पाय थोडे फाकवून उभं राहिलं तर दोन्ही रुळांवर एकेक पाऊल येतं. या दोन फुटांवरून गाडी वीस-एकवीस किलोमीटर जाते, साडेसातशे मीटरांहून जास्त उंची चढते आणि सुमारे दोन तास चाळीस मिनिटांनी माथेरानच्या बाजारात उभी राहते. ताशी सरासरी आठ किलोमीटर. धावत जाणारा माणूस तिला सहज मागे टाकील.

तिच्याबद्दल आजवर लिहिलं गेलं ते बहुतेक या संथपणाच्या कौतुकानेच. धुकं, वळणं, खिडकीला लोंबकळणारी माकडं, ‘माथेरानची राणी’ हे वर्तमानपत्रांनी बहाल केलेलं बिरुद. ते सगळं खरं आहे आणि मलाही ते आवडतं. पण गेल्या दोन दशकांचा कागद समोर घेतला तर वेगळंच चित्र दिसतं. २६ जुलै २००५च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो ५ मार्च २००७ला सुरू झाला. मे २०१६मध्ये आठवडाभराच्या आत दोनदा डबे घसरले आणि गाडी थांबली, ती पूर्ण मार्गावर जानेवारी २०१८मध्ये परतली. २०१९च्या पावसाळ्यात पुन्हा ठिकठिकाणी भराव खचले, आणि नेरळपासून वर जाणारी गाडी २२ ऑक्टोबर २०२२ला निघाली. हे तीन खंड नुसते जोडले तरी सहा वर्षांहून जास्त काळ होतो. दर पावसाळ्यातले चार महिने त्यात धरलेले नाहीत.

म्हणून या गाडीपुढचा खरा प्रश्न भरवशाचा आहे. ती उद्या आहे की नाही, हे सांगता आलं पाहिजे. सुंदर ती आहेच. आणि हा भरवसा कुणाला हवा आहे, हे ठरवल्याशिवाय ती टिकवण्याच्या कुठल्याही योजनेला अर्थ नाही.

सुरुवात पाहू. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे १८५०मध्ये चौक गावाकडून डोंगर चढले आणि माथ्यावरचं रान इंग्रजी सत्तेच्या नकाशावर आलं. ‘शोध लावला’ असं म्हणतात, पण ठाकूर, कातकरी आणि धनगर तिथे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. मॅलेटला वाट दाखवणाराही पायथ्याच्या गावचाच माणूस होता. १८५६मध्ये रेल्वे नेरळमार्गे पुढे सरकली आणि चौकाऐवजी नेरळ हे माथेरानचं दार झालं. पुढची पन्नास वर्षं मुंबईचा माणूस नेरळपर्यंत रेल्वेने यायचा आणि तिथून घोड्यावर, डोलीत किंवा पायी वर जायचा.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बोहरी उद्योजक. अगदी गरिबीतून वर आलेले, लष्कराला तंबू पुरवून मोठे झालेले, पुढे मुंबईचे शेरीफ. त्यांना एकदा नेरळला वर जायला वाहनच मिळालं नाही आणि तिथेच त्यांनी इथे रेल्वे आणायचं ठरवलं, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, पैसा त्यांचा होता आणि खपले ते त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन. १९०४मध्ये काम सुरू झालं, २२ मार्च १९०७ला मार्ग खुला झाला. खर्च सोळा लाख रुपये. सरकारी तिजोरीतून नव्हे, एका कुटुंबाच्या खिशातून झालेला. आपल्याकडच्या डोंगरी रेल्वेंत ही गोष्ट विरळा आहे. सिमल्याची गाडी साम्राज्याच्या उन्हाळी राजधानीसाठी झाली. माथेरानची झाली ती गिरगाव-भायखळ्याच्या माणसाला उन्हाळ्यात हवा खायला जाता यावं म्हणून.

तांत्रिक सल्ला एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा. महाराष्ट्राला हा माणूस परका नाही. १८९७मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे त्यांचीच. पंढरपूर, लातूर, कुर्डुवाडी या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्या तिच्यातून वारीला आणि बाजाराला गेल्या. ‘लाइट रेल्वे’ या शब्दात कॅलथ्रॉप यांची सगळी विचारसरणी आहे. रूळ हलके, डबे हलके, इंजिनाचं वजन चाकांवर सारखं वाटलेलं, आणि डोंगर फोडत बसण्यापेक्षा डोंगराला वळसा घालणं. योगायोगाची गोष्ट अशी की बार्शी लाइटचे रूळ कधीच ब्रॉडगेज झाले, पण तिचा कुर्डुवाडीचा कारखाना टिकला आणि माथेरानच्या डब्यांची मोठी दुरुस्ती तिथेच होत आली. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात या डोंगरातल्या डब्यांची चाकं उतरवली जातात, हे चित्र मला फार जवळचं वाटतं.

आता मार्गाकडे. नेरळमधून निघालेली गाडी आधी मोठ्या रुळांच्या शेजारून जाते, मग त्यांना सोडून हर्दळच्या डोंगराकडे वळते. पहिला थांबा जुम्मापट्टी. इथे रस्ता आणि रूळ एकमेकांना भेटतात, आणि पुढेही ही भेट पुन्हापुन्हा होत राहते. भेकऱ्या खिंडीनंतर खरा चढ सुरू होतो. माउंट बॅरीपाशी नालेच्या आकाराचा भराव घालून मार्ग वळवला आहे. दार्जिलिंगच्या गाडीला अशा जागी उलट-सुलट मागेपुढे करत चढावं लागतं. इथे कॅलथ्रॉप-पीरभॉय जोडीने ती वेळ येऊ दिली नाही. त्यानंतर ‘वन किस टनेल’, सगळ्या मार्गावरचा एकमेव बोगदा. नावातच त्याची लांबी आली. पुढे वॉटर पाइप, जिथे वाफेची इंजिनं पाणी भरून घ्यायची. मग पॅनोरमा पॉइंटच्या बाजूने खडकातून कापलेल्या दोन घट्ट वळणांनी गाडी अमन लॉजला पोचते आणि तिथून सपाटीने, झाडांच्या सावलीतून, माथेरान.

या मार्गाचे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला चढाचा : २०ला १. वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. शेजारच्याच बोरघाटात, कर्जत ते लोणावळा, चढ ३७ला १ आहे आणि तेवढ्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. सिमल्याच्या गाडीचा चढ ३३ला १. निलगिरीची गाडी १२ला १ चढते, पण तिच्या रुळांमध्ये दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकून वर जातं. माथेरानला असला कुठलाच आधार नाही. लोखंडी चाक, लोखंडी रूळ आणि त्यांच्यामधलं घर्षण, एवढ्यावर सगळा संसार. म्हणून कोरड्या दिवशी गाडी मजेत चढते आणि पहाटेच्या दवाने रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. मग रुळावर वाळू सोडावी लागते. रुळावर पडलेलं ओलं पान इथे क्षुल्लक नसतं.

दुसरा आकडा वळणाचा. सर्वांत घट्ट वळणाची त्रिज्या सुमारे १८.२५ मीटर, म्हणजे साठ फूट. क्रिकेटच्या मैदानात तीस यार्डांचं वर्तुळ आखतात ना, त्याच्या आत हे वळण पुरतं गोल फिरवलं तरी मावेल. साधं वाफेचं इंजिन अशा वळणावर घेणं अवघड, कारण त्याचे आस एकमेकांना समांतर जखडलेले असतात. म्हणून जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार खास इंजिनं आणली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या आसांभोवती पोकळ नळीसारखा दुसरा आस बसवलेला होता. आतला आस शक्ती पोचवायचा, बाहेरचा चाकांसह थोडा इकडेतिकडे सरकायचा. वळण आलं की इंजिन जणू कंबरेत वाकायचं. अर्धशतक या चार इंजिनांनीच हा डोंगर वाहिला. १९५०च्या दशकाच्या मध्यावर पश्चिम जर्मनीहून डिझेल इंजिनं आली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ थांबली.

इंजिनाइतकाच महत्त्वाचा होता ब्रेक, आणि त्याच्याकडे कौतुकाने कुणी फारसं पाहिलं नाही. चढताना गाडी बंद पडली तर फार तर खोळंबा होतो. उतरताना ती सुटली तर संपलंच. कितीतरी वर्षं या गाडीत डब्याडब्यावर ब्रेकवाला माणूस असायचा. डब्याच्या टोकाला, बाहेर, हातात ब्रेकचं चाक. ड्रायव्हर शिट्टी द्यायचा आणि तिच्या खुणेनुसार ही माणसं ब्रेक आवळायची किंवा सैल करायची. उतरणीवर मी त्यांच्याकडे पाहत बसायचो. एका हाताने चाक, दुसऱ्याने दांडा धरलेला, मान बाहेर, लक्ष सगळं कानात. पुढे शिट्टी वाजली की चार-पाच माणसांचे खांदे एकाच वेळी वळत. डब्यातले आम्ही दरीचे फोटो काढत असायचो आणि आमचा जीव त्या खांद्यांवर असायचा. २०१६च्या अपघातांनंतर एअर ब्रेक आले, ड्रायव्हरच्या हातून सगळ्या डब्यांना एकदम लागणारे. अवघड वळणांवर दरीच्या बाजूने कठडेही उभे राहिले. सुधारणा योग्यच होती, खरं तर फार उशिरा झाली. पण त्या माणसांचं ते कसब कुणी नीट नोंदवून ठेवलं का, याची मला रुखरुख वाटते. शिट्ट्यांची ती भाषा, कुठल्या वळणावर किती फेरे आवळायचे याचा अंदाज, हे सगळं फक्त त्यांच्या हातात होतं.

भारतातल्या तीन डोंगरी रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत. दार्जिलिंग १९९९मध्ये, निलगिरी २००५मध्ये, कालका-सिमला २००८मध्ये गेली. माथेरान संभाव्य यादीत आहे आणि बरीच वर्षं तिथेच आहे. मोठ्या बहिणींशी लांबीची तुलना केली तर ती लहान दिसते. दार्जिलिंगची अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, सिमल्याची शहाण्णव. बोगद्यांची तर तुलनाच नको; सिमल्याच्या वाटेवर ते शंभराच्या वर आहेत. पण माथेरानचा दावा वेगळ्या गोष्टींवर आहे. एका देशी कुटुंबाने स्वतःच्या पैशाने डोंगरात रेल्वे बांधली, नुसत्या घर्षणावर इतका तीव्र चढ जिंकला, आणि ज्या गावाला तिने जोडलं ते गाव आजही मोटारींना दारात घेत नाही. शेवटचा मुद्दा माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. वारसा म्हणजे नुसतं जुनं इंजिन नव्हे. इंजिनं काय, आज नेरळला आणि माथेरानला शोभेसाठी उभी आहेतच. गाडीमुळे घडलेलं गाव आणि गावामुळे तगलेली गाडी, ही जोडी वारसा आहे.

इथे महाराष्ट्रातल्या इतर नॅरोगेजकडे एक नजर टाकायला हवी, कारण माथेरानचं पुढे काय होऊ शकतं ते तिथे दिसतं. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला थांबली. पाचोरा-जामनेर थांबली. नागपूर-नागभीड ब्रॉडगेजसाठी बंद झाली. यातली एकही गाडी एका दिवसात मेली नाही. आधी एक फेरी कमी झाली, मग रूळ खराब म्हणून वेग कमी झाला, मग वेळ परवडेना म्हणून लोक एसटीकडे आणि वडापकडे गेले, मग प्रवासी नाहीत म्हणून उरलेली फेरीही गेली. माथेरानला ब्रॉडगेज होण्याचा धोका नाही, डोंगर तो होऊ देणार नाही. पण लोकांना तिच्याविना राहायची सवय होण्याचा धोका आहे, आणि तो मोठा आहे.

तो कसा, हे पाहण्यासाठी दस्तुरीला जाऊन उभं राहावं. नेरळहून येणारा घाटरस्ता इथे संपतो. टॅक्स्या, खाजगी गाड्या, दुचाक्या सगळ्या इथेच थांबतात, आणि इथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पुढे चालत, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा शेजारच्या अमन लॉज स्टेशनातून शटलने. ही शटल २०१२पासून धावते, पावसाळ्यातही. पूर्ण मार्ग बंद असताना गावाची सोय खऱ्या अर्थाने हिनेच केली.

एका नोव्हेंबरच्या सकाळी मी अमन लॉजच्या फलाटावर तासभर बसलो होतो. पर्यटक होतेच, चाकांच्या बॅगा ओढत, मुलांना ओरडत. पण त्यांच्याआधी मालाच्या डब्यापाशी गर्दी झाली होती. दुधाचे क्रेट, अंड्यांचे ट्रे सुतळीने बांधलेले, पाण्याच्या बाटल्या, कुठल्याशा हॉटेलच्या चादरींची धुवून आलेली गाठोडी. एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रेचं पाकीट घेऊन बसली होती. खाली तपासणीला गेली होती, आता घरी परतत होती. तिने मला विचारलं, ‘दुपारची कितीला हाये?’ दुपारच्या गाडीने तिचा मुलगा यायचा होता. तिच्या दृष्टीने ती गाडी होती, एवढंच. राणी वगैरे काही नाही.

माथेरानची वस्ती जेमतेम चार हजारांच्या आसपास. मुंबईची एखादी मोठी सोसायटी भरेल एवढी माणसं. ती माणसं आजारी पडतात, बाळंत होतात, त्यांची मुलं शिकायला खाली जातात, त्यांच्या घरी सिमेंट आणि तांदूळ लागतात. २००३च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. मोटारबंदी तर त्याआधीपासूनची. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर इंजिनाचं चाक गावात फिरत नाही. हा नियम मला मनापासून पटतो. पण त्याची किंमत कोण मोजतं, हेही बोललं पाहिजे. पर्यटक दोन दिवस शांततेचा आनंद घेतो. गावकरी वर्षभर ती शांतता पाठीवर वाहतो. इतकी वर्षं ती अक्षरशः माणसांच्या पाठीवर होती : हातरिक्षा ओढणारे, डोक्यावर बॅगा नेणारे हमाल. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसाने माणसाला ओढणं थांबलंच पाहिजे होतं. त्या जागी ई-रिक्षा आल्या, २०२२च्या अखेरीपासून आधी प्रायोगिक म्हणून.

ई-रिक्षांवरून माथेरानमध्ये मोठा वाद झाला. घोडेवाल्यांना वाटतं त्यांचा धंदा बुडेल, आणि ती भीती खोटी नाही. शेकडो कुटुंबं घोड्यांवर जगतात. हॉटेलवाल्यांना ई-रिक्षा हव्यात. पर्यावरणवाल्यांची शंका अशी, की आज ई-रिक्षा, उद्या त्यांच्यासाठी रस्त्यावर फरसबंदीचे ब्लॉक, परवा आणखी काही. या भांडणात एक गोष्ट बाजूला पडते. मोटारींशिवाय माणसं आणि माल वाहून न्यायची व्यवस्था या गावाकडे १९०७पासून आहे. धूळ न उडवणारी, ठरलेल्या पट्टीवरूनच जाणारी, एका फेरीत शंभराच्या आसपास माणसं नेणारी. शटलच्या फेऱ्या सकाळपासून रात्रीपर्यंत वाढवल्या, मालाचे डबे नियमित जोडले, तर ई-रिक्षांचा आकडा आपोआप मर्यादेत राहील आणि घोडेवाल्यांना पॉइंट दाखवायचं त्यांचं मूळ काम राहील. हा काही शोध नाही. रूळ तिथे आहेत, इतकंच.

पण खालचा भाग? नेरळ ते अमन लॉज हाच तर खचणारा, वाहून जाणारा पट्टा. लोक सरळ म्हणतात, पाऊसच इतका पडतो, करायचं काय? माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. डोंगराचं पोट काळ्या कातळाचं, माथा जांभ्याचा, आणि जांभ्यावर लाल माती. पाणी मातीतून मुरतं, कातळाला लागलं की पुढे जाता येत नाही म्हणून आडवं वाहतं आणि जिथे वाट मिळेल तिथून उसळतं. ते जर भरावाच्या पोटात उसळलं तर वरचे रूळ सकाळी हवेत लटकलेले सापडतात. २०१९मध्ये हेच झालं. मग दगडांनी भरलेल्या जाळ्यांच्या भिंती, ज्यांना गॅबियन म्हणतात, जागोजागी उभ्या राहिल्या. त्यांचा उपयोग होतो, कारण त्यांच्यातून पाणी झिरपून बाहेर पडतं, भिंत पाण्याचा दाब घेत नाही.

तरी ‘पाऊसच इतका’ हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण शेजारीच कोकण रेल्वे आहे. तीही सह्याद्रीच्याच कुशीतून जाते, तिथेही जांभा आणि लाल मातीच्या खोल कापण्या आहेत. २००३ आणि २००४च्या पावसाळ्यात तिथे दरडींमुळे मोठे अपघात झाले आणि माणसं गेली. त्यानंतर तिथे दरडींवर जाळ्या आल्या, दगड सुटला की सूचना देणारी ‘रक्षा धागा’ यंत्रणा आली, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं, धोक्याच्या जागी वेग उतरला, रात्रंदिवस गस्त सुरू झाली. ७४१ किलोमीटरचा तो मार्ग आज पावसातही चालू असतो. वीस किलोमीटरच्या मार्गासाठी यातलं काहीच शक्य नाही, असं मानायला मी तयार नाही. पावसात प्रवाशांची गाडी २०ला १च्या चढावर चालवूच नये, हा निर्णय समजण्यासारखा आहे. ओल्या रुळांवर ते धाडस आहे. पण गाडी बंद ठेवणं वेगळं आणि मार्ग वाऱ्यावर सोडणं वेगळं. पावसाळ्यातले चार महिने हा मार्ग रोज डोळ्याखालून जायला हवा. मोऱ्या तुंबल्या की त्याच दिवशी मोकळ्या व्हायला हव्यात. हाताएवढी घळ असताना ती बुजवायला चार माणसं आणि एक दिवस पुरतो. तीच ऑक्टोबरपर्यंत राहिली तर भराव जातो आणि निविदा निघतात.

पैशांचं काय, हा पुढचा प्रश्न नेहमी विचारला जातो. ही गाडी तिकिटांवर नफ्यात येईल असं मला वाटत नाही आणि यावी अशी अपेक्षाही नाही. डब्यांची संख्या कमी, फेऱ्या दोनचार, माणसं मात्र पूर्ण मार्गाला लागतात. घाटरस्त्याचा नफा-तोटा कुणी काढतो का? दरवर्षी डांबर पडतं, संरक्षक कठडे बांधले जातात, आणि त्याला आपण खर्च म्हणतो, तोटा म्हणत नाही. नेरळ-माथेरान हाही एक रस्ताच आहे, रुळांचा. पर्यटकांसाठी पारदर्शक छताचे व्हिस्टाडोम डबे जोडले, ते चांगलं झालं. ज्याला परवडतं त्याच्याकडून जास्त घ्यावं. पण त्याच गाडीत गावकऱ्याला आणि वाडीवरच्या माणसाला हक्काची, स्वस्त जागा असली पाहिजे.

वाड्यांचा उल्लेख मुद्दाम केला. जुम्मापट्टीच्या आसपास ठाकूर-कातकरी वस्त्या आहेत. एप्रिल-मेमध्ये गाडी तिथे थांबली की बायका आणि मुली पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं, काकडीच्या फोडी घेऊन डब्याशी येतात. गाडीचा थांबा काही मिनिटांचा, त्यात होईल तो धंदा. एका हंगामात गाडी नसली की हा धंदा रस्त्याकडे सरकत नाही, कारण टॅक्सी तिथे थांबत नाही. तो नुसता बुडतो. गाडी बंद पडल्याचं नुकसान मोजताना ही टोपली कुणाच्या हिशेबात येत नाही. या पायथ्याच्या पट्ट्यात, जिथे चढ अजून सौम्य आहे, नेरळ ते जुम्मापट्टी अशी लहानशी फेरी वर्षभर चालवून पाहायला काय हरकत आहे? शाळकरी मुलांना, बाजाराला जाणाऱ्या बायकांना ती लागेल. वरच्या टोकाला शटल आहे तशी खालच्या टोकालाही असावी. मधला अवघड भाग पावसात विसावा घेईल, पण मार्गाची दोन्ही टोकं जागी राहतील.

पण ती जागी ठेवायला डोंगर ओळखणारी माणसं लागतात. माथेरानचेच स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल १९४३च्या जानेवारीत सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले होते. हा मुलूख किती आतून ओळखीचा असावा लागतो, तेव्हा असं काम होतं. खिंडी, ओढे, आडवाटा. या मार्गावर ट्रॅकमन म्हणून काम करणाऱ्यांनाही डोंगराची तशीच ओळख झालेली असते. कुठला ओढा कधी फुगतो, कुठल्या कापणीतून आधी खडे सुटतात आणि मग धोंडा. यंत्रणा बसवा, जरूर बसवा, पण ही माणसं आणि त्यांची माहिती आधी जपा. ब्रेकवाल्यांच्या बाबतीत जे निसटलं ते इथे निसटू नये.

गेल्या वेळी मी वरून खाली पायीच आलो, रुळांच्या कडेने. वॉटर पाइपच्या खाली एके ठिकाणी नुकती बांधलेली दगडी जाळी होती, आणि तिच्या पायथ्याशी दोन माणसं मोरीतला गाळ घमेल्याने काढत होती. लाल चिखल, कुजलेली पानं, एक अखंड फांदी. फांदी बाहेर ओढली तसं आत अडकलेलं पाणी भसकन सुटलं आणि दरीत गेलं. एकाने घमेलं टेकवलं, पाण्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्याला म्हणाला, ‘आता पुढची.’